कोब्याची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या घराची दुरुस्ती काढली. घर सातारा जिल्ह्यांतलें. आजोबांनीं १९३८ सालीं जुन्या वाड्याच्या जागेवर बांधलेलें. छप्पर, वासे, खिडक्या यांचा हिशेब कागदावर मांडून झाला. परंतु जमिनीचा विषय निघाला तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. माजघराला सिमेंटचा लाल कोबा आहे. त्याचा एक कोपरा चार बोटें खचला होता. देवघराच्या उंबऱ्यापासून मागील दारापर्यंत एक तडा नागमोडी गेला होता. आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत कोब्याचे पापुद्रे सुटून खालची भुसभुशीत रेती दिसूं लागली होती. काम पाहण्यास आलेल्या कंत्राटदारानें उभ्याउभ्या निकाल दिला : "हें सगळें फोडून टाका. वर चकचकीत टाइल्स बसवूं. आठवड्याचें काम."

आमच्या थोरल्या आत्या त्या वेळीं ओट्यावर बसल्या होत्या. त्या आतां नव्वदीच्या घरांत आहेत. त्या म्हणाल्या, "हा कोबा झाला त्या दिवशीं माझ्या आईनें शेणाची पाटी परसांत नेऊन ठेवली, ती पुन्हां माजघरांत आणली नाहीं. फोडायचा असेल तर फोडा बाबा. पण तो काय आहे तें आधीं ठाऊक असूं द्या."

त्यांचें हें बोलणें माझ्या मनांत राहून गेलें. आपण घराच्या भिंती पाहतों, तुळया पाहतों, दारावरचें नक्षीकाम पाहुण्यांना कौतुकानें दाखवितों. ज्यावर उभे राहून हें सर्व दाखवितों त्या जमिनीकडे मात्र ती फुटेपर्यंत लक्ष देत नाहीं. फुटलेल्या कोब्याचें काय करावें हा प्रश्न मला वरवर कारागिराचा वाटला होता. शोध घेऊं लागलों तेव्हां तो बराचसा इतिहासाचा निघाला. त्या शोधाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख.

आपल्याकडील बहुसंख्य घरांची जमीन शतकानुशतकें मातीचीच होती. मुरूम व माती पसरावी, पाणी मारावें, धुमसानें ठोकून ती घट्ट करावी, आणि वरून शेणाचा हात फिरवावा, एवढीच तिची कृति. ही जमीन करण्यास सोपी, परंतु राखण्यास फार कष्टाची. चालण्यानें तिची धूळ निघे, घुशी तिला पोखरीत, पावसाळ्यांत तिला ओल चढे. म्हणून दर चार-सहा दिवसांनीं, आणि सणावारीं तर न चुकतां, ती सारवावी लागे. पहाटे उठून, गुडघे टेकून, घरभर मागें मागें सरकत जाणाऱ्या बाईचें चित्र आज आपणांस रमणीय वाटतें. ज्यांनीं तें काम केलें त्यांना तें रमणीय वाटत होतें असें आमच्या आत्यांच्या बोलण्यावरून तरी दिसलें नाहीं. त्यांच्या आईचे गुडघे चाळिशींतच धरले होते.

तथापि या सारवणांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी होती. सारवण म्हणजे नित्याची दुरुस्तीच होय. भेग पडली कीं दोन दिवसांत ती बुजे. खड्डा पडला कीं मूठभर माती लिंपून तो सारखा होई. जमीन मोडली, आतां काय करावें, असा प्रश्नच कधीं उभा राहत नसे. कारण ती रोज थोडी मोडे आणि रोज थोडी सांधली जाई. पुढें सिमेंट आलें तेव्हां बायकांचे श्रम वांचले, ही त्याची मोठी थोरवी. पण त्या श्रमांबरोबर जमिनीकडे रोज जवळून पाहणारी नजरही घरांतून गेली.

देवळें, मोठे वाडे, हौद आणि गच्च्या यांसाठीं मातीहून पक्की वस्तु आपल्याकडे पूर्वींपासून होती. ती म्हणजे चुन्याचा कोबा. विटांचे किंवा दगडांचे तुकडे, चुना आणि विटांची पूड म्हणजे सुरखी यांचें मिश्रण पसरून, गवंडी व मजूर स्त्रिया लांकडी चोपण्या घेऊन तें दिवसेंदिवस ठोकीत. चुना बैलाच्या घाणींत मळलेला असे. त्यांत गुळाचें, हिरड्याचें किंवा बेलफळाचें पाणी घालण्याची चाल होती. भाजक्या मातीची ही पूड चुन्याशीं संयोग पावून त्याला पाण्यांत टिकण्याचें बळ देते. शिवाय दख्खनच्या काळ्या मातींत जे चुनखडीचे खडे सांपडतात त्यांत मूळचाच चिकणमातीचा अंश असतो. ते भाजून केलेला चुना नुसत्या हवेनें नव्हे, तर पाण्याखालींही घट्ट होतो. आपल्या गवंड्यांस याचें रसायन ठाऊक नव्हतें, परंतु गुण ठाऊक होता.

हाच गुण इंग्लंडांत जॉन स्मीटन या स्थापत्यविशारदाच्या हातीं लागला. एडिस्टन येथील समुद्रांतल्या खडकावर दीपगृह बांधण्याचें काम १७५६ सालीं त्याजकडे आलें. लाटांच्या माऱ्यांत टिकेल असा चुना कोणता, याचे प्रयोग करतां करतां त्याला आढळलें कीं, ज्या चुनखडींत चिकणमाती मिसळलेली असते तिचाच चुना पाण्यांत घट्ट होतो. १७५९ सालीं दीपगृह पुरें झालें. आणि माणसानें चुनखडी व माती स्वतःच्या हातानें मिसळून भाजली तर काय होईल, हा विचार पुढील लोकांस सुचला. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्प्डिन या गवंड्यानें १८२४ सालीं अशाच एका मिश्रणाचा हक्क नोंदविला. इंग्लंडच्या दक्षिणेस पोर्टलंड म्हणून जागा आहे. तेथील इमारती दगडासारखा आपला माल दिसतो म्हणून त्यानें त्याला पोर्टलंड सिमेंट हें नांव दिलें. आजचें सिमेंट तेंच नव्हे. चुनखडी व माती अर्धवट वितळून तिचे काळे खडे होईपर्यंत भाजावी आणि मग ती दळावी, ही युक्ति १८४० नंतरच्या काळांत रूढ झाली. नांव मात्र पहिलेंच राहिलें.

हिंदुस्थानांत हें सिमेंट बरींच वर्षें पिपांत भरून विलायतेहून येत असे. १९०४ सालीं मद्रासेस समुद्रांतील शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा एक लहानसा प्रयत्न झाला, तो फारसा फळला नाहीं. १९१४ सालीं पोरबंदर येथें कारखाना सुरू झाला, आणि तेथून या धंद्याचा खरा आरंभ धरतात. पहिल्या महायुद्धामुळें परदेशी माल येईनासा झाला, तेव्हां देशी कारखाने भराभर निघाले. युद्ध संपल्यावर मालाचा पूर लोटला आणि भाव कोसळले. आपसांतील चढाओढीनें सर्वच बुडूं लागले, तेव्हां कारखानदारांनीं एकत्र येऊन १९२७ सालीं एक संस्था काढली. काँक्रीट कसें वापरावें हें लोकांस शिकविणें हेंच तिचें काम. १९३६ सालीं दहा कंपन्या मिळून असोसिएटेड सिमेंट कंपनी झाली. ज्या पिढीनें शेणाची पाटी खालीं ठेवली तिला सिमेंट परिचयाचें झालें तें असें.

पण मध्यमवर्गाच्या घरांत सिमेंटला दोन प्रतिस्पर्धी होते. एक शहाबादी फरशी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर ओलांडून १८७१ सालीं रायचुरास पोंचला आणि मद्रासच्या मार्गास मिळाला. त्या वाटेवर निजामाच्या राज्यांत शहाबाद लागतें. तेथील चुनखडीचा दगड थराथरांनीं सुटतो, म्हणून त्याच्या पातळ फरशा सहज निघतात. रेल्वेनें तो दगड स्वस्तांत दूरवर जाऊं लागला, आणि आपल्या स्वयंपाकघरांत, न्हाणींत व अंगणांत त्यानें कायमचें ठाणें दिलें. गमतीची गोष्ट अशी कीं, पुढें त्याच शहाबादेस सिमेंटचाही कारखाना निघाला. फरशी आणि सिमेंट हीं दोन्हीं एकाच दगडाचीं लेंकरें ठरलीं.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे रंगीत नक्षीची फरशी. मुंबईच्या भायखळ्यावरील वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. त्यांतील मिंटनच्या कारखान्याच्या टाइल्स विलायतेहून आणलेल्या आहेत. अशी चैन सामान्यांस परवडणारी नव्हती. परंतु भट्टींत न भाजतां, सिमेंट व रंग साच्यांत दाबून नक्षीदार फरशी करण्याची रीति फ्रान्समध्यें निघाली होती. स्वदेशीच्या वाऱ्यांत, १९२२ सालीं, मुंबईच्या सिधवा कुटुंबानें भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढून ती फरशी येथें करण्यास आरंभ केला. गिरगांव-दादरच्या कित्येक जुन्या घरांत तशा फरशा अजून पायांखालीं आहेत आणि त्यांची नक्षी ओळखूं येते.

ज्यांना यांतलें कांहींच परवडत नसे, किंवा ज्यांचें गांव रेल्वेपासून दूर, ते सिमेंटचा कोबा करीत. खालीं खडीचें काँक्रीट, वर सिमेंट व बारीक खडीचा थर, त्यावर लोहाचा लाल रंग मिसळलेलें सिमेंट पसरून थापीनें घोटावयाचें, आणि वाळल्यावर मेण चोळून चमक आणावयाची. महाराष्ट्रांत काय, गोव्यांत काय, या तांबड्या जमिनी पुष्कळ झाल्या. उन्हाळ्यांत त्या गार लागतात, आणि पाऊणशें वर्षांच्या पावलांनीं त्यांना आलेलें तेज नव्या मालाला येत नाहीं.

आमचा कोबा १९४८ सालचा. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें सिमेंटवर नियंत्रण आणलें होतें, आणि तें कोणत्या ना कोणत्या रूपानें दीर्घकाळ टिकलें. १९८२ सालीं तें अंशतः उठलें आणि १९८९ सालीं पूर्णपणें. आजोबांना परवान्यावर हवीं होतीं त्याहून बरींच कमी पोतीं मिळालीं. आत्यांना आठवतें तें असें कीं, गवंड्यानें वरच्या थराला सिमेंट पुरविलें आणि खालच्या थरांत चुना व विटांचे तुकडे घालून वेळ निभावली. म्हणजे आमच्या माजघरांत आजोबांच्या काळचें सिमेंट वर आणि पणजोबांच्या काळचा कोबा खालीं, असा दोन युगांचा शेजार आहे. हें कळल्यावर कंत्राटदाराच्या "फोडून टाका" या शब्दांचा अर्थ मला निराळा वाटूं लागला.

शेजारच्या गांवीं एक वृद्ध गवंडी आहेत. त्यांना बोलावून आणलें. त्यांनीं प्रथम हातांतली काठी जमिनीवर टक्‌टक्‌ आपटीत सबंध माजघर फिरून घेतलें. जेथें जमीन खणखणीत वाजे तेथें ते पुढें जात. जेथें बद्द वाजे तेथें खडूनें वर्तुळ काढीत. तासाभरानें ते म्हणाले, "तुमच्या जमिनीला तीन दुखणीं हाएत, आन्‌ तिन्हींचीं कारणं निराळीं. एकच औषध तिन्हींला दिलंत तर दोन बरीं व्हायचीं नाहींत." वैद्यकांत जसें निदान तसें गवंडीकामांत हें ठोकून पाहणें. त्या दिवसापासून आम्ही घाई सोडली.

पहिलें दुखणें खचलेल्या कोपऱ्याचें. तेथें कोबा फोडला, तेव्हां तीन हात खालीं एका पेवाचें तोंड निघालें. जुन्या वाड्यांत धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत पेव असत. १९३८ सालीं घर उभें करतांना कोणीतरी तें राडारोड्यानें बुजविलें, पण ठोकून बसविलें नव्हतें. ती भर हळूहळू दबत गेली, वरचा कोबा अधांतरीं राहिला, आणि शेवटीं मोडला. दोष कोब्याचा नव्हताच. वरून कितीही भारी टाइल्स बसविल्या असत्या तरी त्याही खचल्या असत्या. आम्ही ती सैल भर उपसली. दगड व मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनीं भरून, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुमसानें ठोकला. वर दगडांचें सोलिंग, त्यावर ओल अडविणारा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी यांचें चार इंच काँक्रीट. जुन्या कोब्याची कड वेडीवांकडी न ठेवतां सरळ उभी कापून घेतली. कारण नवा थर कडेला पातळ होत गेला तर तो तेथून प्रथम उडतो.

दुसरें दुखणें तड्याचें. सिमेंट वाळून घट्ट होतें अशी सामान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. पाण्याशीं होणाऱ्या रासायनिक संयोगानें तें घट्ट होतें, म्हणून पहिले निदान सात दिवस, आणि साधल्यास चौदा, त्याला ओलें ठेवावें लागतें. उलट, कालवितांना घातलेलें फाजील पाणी नंतर उडून जातें, तेव्हां काँक्रीट आकसतें, आणि आकसण्यास वाव नसला कीं तडकतें. पाणी जितकें जास्त तितकें बळ कमी, हा नियम अमेरिकेंत डफ अब्राम्स यानें १९१८ सालीं प्रयोगांनीं सिद्ध केला. मिश्रण पातळ असलें कीं गवंड्याचा हात सुखानें फिरतो. त्या सुखाची किंमत घरमालक पुढें भरतो. म्हणून जाणते लोक मोठ्या खोलीचा कोबा अखंड न करतां चौकटी पाडून करीत. म्हणजे आकसणें सांध्यांत जिरे. आमच्या माजघरांत सांधा एकही नाहीं.

पण तडा जुना आणि थांबलेला आहे, कीं अजून चालता आहे, हें आधीं पाहणें जरूर. गवंडीबाबांनीं तड्यावर तीन ठिकाणीं प्लास्टरची पातळ पट्टी लावली आणि पेन्सिलीनें तारीख लिहिली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला; काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें आकसते, तेव्हां दोन्ही ऋतु पाहिल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. दसऱ्यानंतर पाहिलें तर पट्ट्या अभंग. तेव्हां टांकीनें तड्याच्या कडा थोड्या रुंद केल्या, धूळ पूर्ण काढली आणि इपॉक्सीची राळ व बारीक वाळू यांनीं तो भरला. पट्टी चिरली असती तर असला कडक माल भरून उपयोग नव्हता. शेजारीं नवा तडा गेला असता. तेथें लवचिक सांधाच ठेवावा लागला असता.

तिसरें दुखणें न्हाणीघराकडील पापुद्र्यांचें, आणि तेंच सर्वांत लबाड. रात्रीं तेथें हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून ठेवला. सकाळीं त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले होते. ओल खालून चढत होती. ती आपल्याबरोबर मातींतले क्षार आणते, पाणी उडून जातें, क्षारांचे खडे पृष्ठभागाखालीं फुगतात आणि वरची कातडी सुटते. यालाच आपण लोणा लागणें म्हणतों. शोध घेतां कारण घराबाहेर सांपडलें. परसांत वेळोवेळीं नवी फरशी जुनीवर टाकीत गेल्यानें अंगण जोत्याच्या बरोबरीला आलें होतें, आणि न्हाणीचें पाणी भिंतीकडे वळत होतें. आधीं अंगण एक वीत उतरविलें, उतार बाहेरच्या बाजूस दिला, फुटकी मोरी बदलली. मग भिंतीलगतचा सैल भाग खरवडला आणि क्षार कोरड्या कुंचल्यानेंच झाडले. पाण्यानें धुतले असते तर ते विरघळून पुन्हां आंत गेले असते. चार महिने तो पट्टा तसाच उघडा ठेवला. नंतर तेथें टाइल न घालतां शहाबादी फरशी चुन्याच्या दर्जांनीं बसविली. म्हणजे राहिलीसाहिली ओल सांध्यांतून बाहेर पडेल.

या शेवटच्या गोष्टीचें मर्म केवळ आमच्या घरापुरतें नाहीं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जुन्या वाड्यांना दुरुस्तीच्या नांवाखालीं सरसहा सिमेंटचा लेप बसला. माती व चुन्याचें बांधकाम ओल घेतें आणि सोडतें. तो श्वास सिमेंटनें कोंडला. जमिनींतून निघण्याची वाट बंद झालेली ओल भिंतींत चढली, आणि लोक म्हणूं लागले कीं जुनें बांधकाम कुचकामाचें. दुखणें औषधानेंच वाढलें, आणि दोष मात्र रोग्यावर आला.

दुसऱ्या पक्षाची बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. माझ्या पत्नीचें म्हणणें असें कीं, ज्याला जमीन पुसावयाची नसते त्याला जुन्या कोब्याचा लळा फार. हें खरें आहे. स्वयंपाकघरांतील कोबा तेला-पाण्यानें खरखरीत झाला होता, आणि तेथें रोज कंबर मोडणारी मी नव्हें. तेथें तिच्या इच्छेप्रमाणें, खालची जमीन वाजवून व ओल तपासून, नव्या टाइल्स घातल्या. त्या उत्तम आहेत. ज्या कारणासाठीं माझ्या आजीला शेणाची पाटी टाकून देऊन समाधान वाटलें त्याच कारणासाठीं तिच्या नातसुनेला टाइल हवी असेल, तर कोब्याच्या नांवानें तिला विरोध करणें हा आजीचाच अपमान झाला असता. आत्यांनींही त्या टाइल्सवर हात फिरवून पसंतीची मान हालविली.

माजघरांतला कोबा राहिला. भरलेल्या कोपऱ्याचा लाल रंग जुन्या रंगाशीं जुळला नाहीं. जुळविण्याची खटपट गवंडीबाबांनीं केली नाहीं. तड्याची रेघ बारीकशी दिसते. सर्व मिळून काम आठवड्याचें न होतां सात महिने चाललें, आणि त्यांतले बहुतेक दिवस नुसतें पाहण्यांत गेले. खर्च मात्र नव्या जमिनीच्या निम्म्याहून कमी आला.

आतां दर पावसाळ्याच्या आधीं व नंतर काठी घेऊन माजघर एकदां वाजवून पाहावें, असा नेम आम्ही केला आहे. रोज सारवणाऱ्या हातांना जी माहिती आपोआप मिळत असे ती आतां मुद्दाम मिळवावी लागणार, आणि ती मिळविण्याचें काम यापुढें घरांतल्या पुरुषांनीं करावें, असें आत्यांनीं ठरवून दिलें आहे. गेल्या खेपेस माझ्या धाकट्या मुलानें ती काठी फिरविली. देवघरापाशीं एका जागीं आवाज किंचित बद्द आला. त्यानें खडूनें वर्तुळ काढून शेजारीं तारीख लिहिली आहे.